बढतीच्या लढतीआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

टेनिसच्या डेव्हिस चषक संघाच्या व्यवस्थापनात तुझी निवड झाल्याचे कळले. अभिनंदन लांबवत नाही, कारण सांगायचे आहे ते पुढच्या प्ले-ऑफच्या, म्हणजे वरचा गट की खालचा हे ठरवणाऱ्या लढतीच्या, आधीच सांगायला हवे.

कोर्ट निवडण्याचा हक्क यजमानांचा असतो आणि निम्मी लढत तिथेच ठरते. लढत म्हणजे चार एकेरी आणि एक दुहेरी असे पाच सामने, प्रत्येकाचा एक गुण. मार्च २०२२ मध्ये आपण दिल्ली जिमखान्याच्या हिरवळीवर डेन्मार्कला ४-० असे हरवले. पुढच्याच फेब्रुवारीत हिलरॉडच्या बंदिस्त हार्ड कोर्टवर त्यांच्याकडून २-३ असे हरून एक पायरी खाली, जागतिक गट दोनमध्ये घसरलो. तेथे त्यांच्या होल्गर रूनने दोन एकेरी आणि एक दुहेरी असे तिन्ही गुण जवळजवळ एकहाती खेचून आणले. जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांतला खेळाडू समोर असेल, तर त्याचे दोन एकेरी गुण गेलेच असे धरावे आणि तीन गुण आपल्याला कुठून मिळतील याचा हिशेब आधीच मांडावा. त्या हिशेबात दुहेरीची जोडी शेवटी ठरवून चालत नाही.

एकेरीसाठी खेळाडू निवडताना मात्र क्रमवारीचा कागद थोडा बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये इस्लामाबादच्या गवतावर श्रीराम बालाजी हा मुख्यतः दुहेरी खेळणारा खेळाडू एकेरीत उतरवला गेला. त्याने आणि रामकुमार रामनाथनने पहिल्याच दिवशी २-० अशी आघाडी मिळवून दिली आणि लढत आपण ४-० अशी जिंकली. सप्टेंबर २०२५ मध्ये बील येथे स्वित्झर्लंडविरुद्ध क्रमवारीत सहाशेच्याही मागे असलेला दक्षिणेश्वर सुरेश पदार्पणातच खेळला आणि त्याने जेरोम किमला सरळ सेटमध्ये हरवले. ती लढत ३-१ अशी आपली झाली; युरोपीय संघाला त्याच्या घरी हरवण्याची आपली १९९३ नंतरची ती पहिलीच वेळ. उंचीवरून सर्व्हिस करणारा नवखा मुलगा जलद कोर्टवर काय करू शकतो, हे क्रमवारीत दिसत नाही. ते सरावाच्या चार दिवसांत, नीट पाहिले तर, दिसते. (नीट पाहणे म्हणजे मोबाइल खिशात ठेवून पाहणे, हेही सांगून ठेवतो.)

त्याआधीच्या फेब्रुवारीत दिल्लीत टोगोविरुद्धचा प्ले-ऑफ आपण ४-० असा जिंकला, तेव्हा कोणी फारसे कौतुक केले नाही. पण तो हरलो असतो तर गट एकमधले स्थान गेले असते आणि बीलची लढत नशिबी आलीच नसती. अशा लढतीच्या तयारीत कसूर करू नकोस.

बाकी कामे तुझ्या हातची आहेत. दुसऱ्या दिवशीच्या दुहेरीची आणि परतीच्या (प्रतिस्पर्धी अदलाबदल करून होणाऱ्या) एकेरीची नावे सामन्याच्या तासभर आधीपर्यंत बदलता येतात. म्हणून पाचव्या खेळाडूलाही नाश्त्याच्या वेळी स्पष्ट सांगावे की तू खेळू शकतोस, आणि त्याच्या रॅकेटच्या तारा आदल्या रात्रीच ओवून घ्याव्यात. बाजू बदलताना कर्णधाराला जेमतेम दीड मिनिट मिळते. त्यात एकच सूचना मावते, म्हणून तुला काही सुचले तर ते खेळाडूला नव्हे, कर्णधाराला सांगावे. पाहुणे असाल तर सामन्यात वापरायचे चेंडू पहिल्या सरावापासूनच मागून घे, आणि मिळत नसतील तर रेफ्रीकडे लेखी मागणी कर.

कळावे.
तुझा,
काका