गावाले लागून झुडपी हाय, तिथं फिराचं कसं?

प्रश्न : ताई, आमच्या गावाले लागूनच झुडपी जंगल हाय अन् पलीकडं मामा (माजी मालगुजारी, म्हंजे आधी गावच्या जमीनदाराच्या ताब्यातला) तलाव. आम्ही तीन-चार बाया सकाळी तिकडं फिराले जातो. आता ग्रामपंचायतीत चालू हाय का तिथं पेव्हर ब्लॉकची वाट बनवाची, बाकडे अन् सोलर लाइट लावाचे. कोणी म्हणते चांगलं होईन, कोणी म्हणते जनावरं पळून जातीन. तुमचं काय म्हणणं?
– एक वाचक, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : माझं म्हणणं, नको. पहिले कागद बघा. झुडपी जंगल हा प्रकार आपल्या पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतलाच, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की ही जमीन कायद्यानं जंगलच आहे, म्हणजे वनविभागाला न विचारता तिथं सिमेंट टाकणं ग्रामपंचायतीच्या अंगाशी येऊ शकते. पटवाऱ्याकडून सातबारा काढून आणा अन् सरपंचांसमोर ठेवा, अर्धी चर्चा तिथंच संपेल.

दुसरं म्हणजे वाट तर तिथं आहेच ना बाप्पा! गायकी (गुराखी) रोज ढोरं नेते ती पायवाट, तीच तुमचा वॉकिंग ट्रॅक. अन् तिच्यावरची धूळ हीच खरी मजा आहे. ढोरं निघायच्या आधी पण चांगलं उजाडल्यावर गेलात तर रात्रभर कोण कोण येऊन गेलं ते सगळं त्या फुफाट्यात उमटलेलं असते, मोराची लांब बोटं, रोह्याचे (नीलगायीचे) दोन फाकांचे खूर, साप गेल्याची नागमोडी रेघ, अन् पंजा दिसला तर खाली बसू नका, उभ्यानंच नखं बघा, पंज्यापुढे नखांचे टोचे दिसले तर बहुतेक कुत्रं नाहीतर कोल्हा, नखं नसतील अन् ठसा गोलसर असेल तर मांजराच्या जातीचं, कारण ही मंडळी चालताना नखं आत ओढून घेतात. पेव्हरवर यातलं काय दिसणार? वाटेत एकाच ठिकाणी लेंड्यांचा मोठा ढीग दिसला तर तो रोह्याचा, तो पुन्हा पुन्हा तिथंच येऊन टाकते, ढीग ताजा असला की समजायचं स्वारी जवळपासच आहे.

लाइटचं तर नावच काढू नका. रातवा पक्षी रात्री अशाच वाटेवर बसून किडे धरते, अंडीही उघड्या जमिनीवरच घालते. टिटवीचंही तसंच, उन्हाळ्यात मुरमाड जागेत खड्यांच्या रंगाची चार अंडी, पाय पडला तरी कळणार नाही. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली की समजून घ्या अन् बाजूनं जा.

निधी खर्च करायचाच असेल तर तलावात माजलेलं बेशरमाचं झुडूप काढायला लावा, मासे धरणाऱ्या ढिवर मंडळींना सोबत घेऊन, त्यांना तलाव जास्त कळते. अन् बाकडं? गावाकडच्या टोकाला एक ठेवा, म्हाताऱ्या माणसांना लागते, त्यात काही वाईट नाही.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, सुट्टीच्या दिवशी तलावावर नेते पण तो म्हणतो इथं काहीच नाही, टायगर सफारीला चल. त्याला काय दाखवू?
– एक आई, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

उत्तर : अहो, तुम्ही नवेगावबांधच्या, त्या मोठ्या तलावाच्या अन् जंगलाच्या, अंगणात राहता अन् काहीच नाही म्हणता! चूक मुलाची नाही, वेळेची आहे. भर दुपारी गेलं तर सफारीतही काही दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत तलावावर न्या, पाहुणे बदकं आलेली असतात, केशरी अंगाचा चक्रवाक, टोकदार शेपटीचं तलवार बदक. फाल्गुनात फुललेल्या पळसाखाली नुसतं उभं राहायचं, मैना अन् शिंजीर तिथं चोची बुडवायला येतातच. पहिल्या पावसानंतर मखमली लाल मिरगाचा किडा, अन् त्याच सुमारास नवरंग पक्ष्याची शीळ. पिंपळ-उंबराला फळं आली की हरियल, आपला राज्यपक्षी, पण तो पानात असा मिसळून जाते की फळं टपटप खाली पडायला लागली तरच कळते वर कोणी आहे, मग मान वर करून पिवळे पाय शोधायचे. मोबाइल हातात असणारच आहे तर मर्लिन नावाचं फुकट ॲप टाकून द्या, आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवते. फक्त त्यातला आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही, बिचारा आपली हद्द राखायला धावून येते अन् उगाच दमते.

अन् नवेगावबांधचा तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधला, हेही सांगा पोराला, शाळेच्या पुस्तकात फार सापडत नाही.

प्रश्न : आमच्याकडं वाघ फिरते. तरी फिराले जावं का?
– एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : दादा, वाघाची ये-जा सुरू आहे असं गावात समजलं असेल तर तितके दिवस गावातल्या रस्त्यावरच फिरा, यात हिंमत दाखवण्यासारखं काही नाही. एरवीही सूर्य वर आल्याशिवाय अन् मावळतीनंतर झुडपीत पाय टाकू नका. एकटं नको, बोलत चला, कानात इअरफोन नको, पोरं मधात. कुत्रं सोबत नेऊ नका, बिबट्या त्याच्यामागं येते. वाकून किंवा बसून काही वेचत राहणं सगळ्यात धोक्याचं, तेंदूपत्ता अन् मोहाच्या दिवसांत बरेच हल्ले अशाच वेळी होतात, अन् मोहाखाली अस्वलही असते, ते दचकलं की पळत नाही, सरळ अंगावर येते. ताजा माग दिसला तर फोटो काढायला पुढं जाऊ नका, आल्या वाटेनं परत फिरा अन् वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. तुमच्या बीटच्या वनरक्षकाचा नंबरही फोनमध्ये सेव्ह असू द्या, तो लवकर पोचते.