लाल टॅग लावला कोणी?

'मॅडम, दीडशे ठिकाणी सीव्ही पाठवला, एकाचंही उत्तर नाही. माझ्यातच काहीतरी कमी असणार.'

आकडा बदलतो, वाक्य तेच असतं. माझ्याकडे समुपदेशनाला येणारी, नुकती डिग्री हातात पडलेली मुलं हे म्हणतात, पोरं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला निघालेल्या बायका म्हणतात आणि अलीकडे पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे पुरुष जरा जास्तच म्हणतात, तेही दार नीट लागलंय ना ते बघून. म्हणून आज एकाच माणसाची हकिगत लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना इथे 'साहेब' म्हणणार आहे, कारण कारखान्यात सगळे त्यांना 'क्वालिटीवाले साहेब' म्हणायचे.

वय ४७. भोसरीच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात २२ वर्षं क्वालिटी खातं सांभाळलेलं. कारखाना परराज्यात हलला, साहेब हलू शकले नाहीत. आई अंथरुणाला खिळलेली आणि मुलगी बारावीला.

पहिल्या भेटीत त्यांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून चार पानी सीव्ही काढला. वर वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित, छंद वाचन. लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा बायोडाटा आपल्याकडे अजून एकाच साच्यातून निघतात! मधे 'मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ'. २२ वर्षांच्या कामाला तीन ओळी. तळाशी 'वरील माहिती खरी आहे', स्थळ, दिनांक, सही. भाच्याने लिंक्डइनवर खातं उघडून दिलं होतं. तिथे नाव होतं, जुन्या कंपनीचं नाव होतं, बाकी शुकशुकाट.

माझी चूक अशी, की मी लगेच पेन्सिल घेऊन बसले. हे काढा, ते वर घ्या. साहेब मान डोलवत राहिले आणि पुढच्या वेळी तोच कागद घेऊन आले. पेन्सिल खाली ठेवायला मला दोन भेटी लागल्या.

'लिहीत का नाही, साहेब?'

'आपणच आपली टिमकी काय वाजवायची? काम बोलतं.'

'कोणाशी बोलतं?'

यावर ते बराच वेळ गप्प होते. काम बोलतं हे खरंच आहे, पण ते ज्यांनी पाहिलं त्यांच्याशी. ती माणसं आता पांगली होती.

तिसऱ्या भेटीत ते फारच खचून आले. एका ठिकाणी सगळं जुळत होतं, तिथूनही काही नाही. 'मी रिजेक्ट माल झालोय' हे त्यांचे शब्द. मी तो शब्द धरला.

'तुमच्याकडे रिजेक्ट माल कसा ओळखायचे?'

'टॅग असतो. ओके मालाला हिरवा, शंका असली की पिवळा, म्हणजे होल्ड. रिजेक्टला लाल.'

'लाल कोण लावतं?'

'इन्स्पेक्टर. मोजून. मापात बसला नाही तरच.'

'आणि जो पार्ट टेबलावर आलाच नाही?'

'त्याला कसला टॅग? तो नुसता ट्रॉलीत पडलेला...' वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. मग म्हणाले, 'म्हणजे मी ट्रॉलीत आहे.' आणि हसले. तीन भेटींत पहिल्यांदा.

अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिच्यावर माझा पहिल्यापासून भर आहे. घटना आणि आपला त्रास यांच्या मधे आपणच स्वतःला ऐकवलेलं एक वाक्य असतं, ते पकडायचं. उत्तर आलं नाही, ही घटना. मी टाकाऊ आहे, हा आपण मारलेला शेरा. उत्तर न येण्याची कारणं बरीच असतात: जागा आधीच भरलेली असते, ओळखीतला कोणी ठरलेला असतो, अर्जांच्या ढिगात शंभराच्या पुढचा कोणी उघडतच नाही, किंवा दोन रकाने आणि चौकटी घातलेला सीव्ही कंपनीच्या सॉफ्टवेअरला धड वाचता येत नाही. वयाकडे बघून बाजूला ठेवणारेही आहेत, ते मी त्यांच्यापासून लपवलं नाही. पण हे तत्त्व मी पुस्तकातून समजावलं असतं, तर साहेबांनी पुन्हा मानच डोलावली असती. त्यांच्याच शॉप फ्लोअरवरचा टॅग सापडला, हे मला आजही आवडतं.

पुढचं मग सोपं गेलं. 'ऑडिटरला तुम्ही म्हणालात, आमची क्वालिटी उत्तम आहे, तर?'

'रेकॉर्ड दाखवा म्हणेल.'

मी त्यांचा सीव्ही त्यांच्यापुढे सरकवला. 'यात रेकॉर्ड कुठे आहे?'

आठवड्याने ते सात खिसाडायऱ्या घेऊन आले, कडा तेलकट झालेल्या. एका पानावर नोंद होती: एका मशिनवर महिन्याला दोन ट्रॉल्या स्क्रॅप, पार्ट धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरची झिजलेली पिन बदलली, तीन महिन्यांनी अर्धी ट्रॉली. 'हे लिहिलं तर टिमकी होईल का?' मी विचारलं. 'नाही,' ते म्हणाले, 'ही तर नोंद आहे.'

ज्यांचं गाडं इथेच अडलंय त्यांच्यासाठी थोडं. सीव्ही दोन पानांत, एका रकान्यात, साध्या अक्षरात. जाहिरातीत कामाला जो शब्द वापरलाय, तो तुमच्या कामाला खरंच लागू असेल तर तोच वापरा. सीव्हीतल्या आणि लिंक्डइनवरच्या तारखा जुळू द्या, खंड पडला असेल तर सरळ लिहा. लिंक्डइनवर नावाखाली जी ओळ असते तिला २२० अक्षरांची जागा आहे. ती 'नोकरीच्या शोधात' यावर खर्चू नका, काय करता येतं ते लिहा. साहेबांना तिथल्या फोटोभोवतीच्या, 'काम शोधतोय' असं सगळ्यांना सांगणाऱ्या हिरव्या कड्याची लाज वाटत होती, मेहुण्याला दिसेल म्हणून. तुम्ही काम शोधताय हे फक्त भरती करणाऱ्यांनाच दिसावं, अशीही सोय तिथे आहे. ती निवडली आणि साहेबांना रात्री झोप लागली. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याशी तिथेच बोलणं थांबवा.

आणि लांबच्या ओळखी. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडलं होतं, की नव्या संधीची खबर जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या २०२२ मधल्या अभ्यासातही साधारण तेच दिसलं. फार घट्ट नाही आणि अगदीच नावापुरती नाही, अशी ओळख सगळ्यांत कामाची. साहेबांनी चार वर्षं न बोललेल्या एका व्हेंडरला दोन ओळी लिहिल्या. मदत मागितली नाही, फक्त हल्ली मोकळा आहे असं कळवलं. चाकणचा पहिला इंटरव्ह्यू तिथून आला. तो पुढे सरकला नाही. दुसरा सरकला.

जाण्याआधी ते नवा सीव्ही दाखवायला आले. दोन पानं, पिनची नोंद पहिल्याच पानावर. तळाशी मात्र 'वरील माहिती खरी आहे' आणि सही तशीच.

'हे आता कोणी लिहीत नाही, साहेब.'

'मॅडम, सहीशिवाय रिपोर्ट बाहेर जात नाही.'

मी तो हट्ट सोडला.