समाधान विचारायचं, पण कुणाला आणि कधी?

पेटंट, ट्रेडमार्क आणि लघुउद्योग : वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी लघुउद्योजकांच्या एका संघटनेचा सचिव आहे. आमच्या काही सभासदांनी पेटंटसाठी अर्ज केले आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी सरकारच्या पोर्टलवर तक्रारही नोंदवली आहे. या तक्रार-सेवेबद्दल सभासद किती समाधानी आहेत याचं सर्वेक्षण करून दिल्लीला निवेदन पाठवायचं ठरलं आहे. मी गुगल फॉर्म केला. पहिला प्रश्न, ‘पेटंट कार्यालयाच्या तक्रार निवारणाबद्दल आपण समाधानी आहात का? १ ते ५ गुण द्या.’ शेवटचा, ‘आपल्या संशोधनाचं थोडक्यात वर्णन.’ अध्यक्ष म्हणतात, फॉर्म वार्षिक सभेतच भरून घेऊ. काही सुधारणा सुचवाल?
— एक सचिव, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सचिवसाहेब, हा अंक खाली ठेवा आणि आधी तो शेवटचा प्रश्न फॉर्ममधून उडवा. पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तोवर तो गुप्त असतो आणि ते अर्जदाराच्याच भल्याचं असतं. तुमच्या एखाद्या सभासदाने नुसता प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकला असेल, तर कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे संशोधनाचं पूर्ण वर्णन, द्यायला त्याच्याकडे १२ महिने आहेत. मधल्या काळात सुचलेली सुधारणा त्याने उत्साहाच्या भरात तुमच्या फॉर्ममध्ये लिहिली आणि ती शीट चार जणांच्या व्हॉट्सअॅपवर फिरली, की त्या सुधारणेचं नावीन्य गेलंच म्हणून समजा. सर्वेक्षणाला संशोधन कळण्याची गरजच नाही. अर्ज क्रमांकही मागू नका. तक्रार कशाबद्दल होती एवढं पुरे.

आता पहिला प्रश्न. ‘समाधानी आहात का’ असं विचारलं, की माणूस तक्रार-सेवेला गुण देत नाही, पेटंटला देतो. ज्याला पेटंट मिळालं तो चार-पाच देणार, ज्याचा अर्ज पेटंट कायद्याच्या कलम १५ खाली नामंजूर झाला तो एक देणार, आणि तोही तुम्ही शून्याची सोय ठेवली नाही म्हणून. या दोघांची सरासरी काढून दिल्लीला काय कळणार? अर्ज मंजूर, नामंजूर की प्रलंबित, हे आधी विचारा आणि तिन्ही गटांची उत्तरं शेवटपर्यंत वेगळी ठेवा.

तक्रारींचेही प्रकार पाडा. ‘माझ्या अर्जाचं परीक्षण अजून का झालं नाही’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. पण परीक्षणाची रांग अर्ज केल्याच्या तारखेवर नसते, परीक्षणाची मागणी, म्हणजे फॉर्म १८, भरल्याच्या क्रमाने ती चालते. माझ्याकडे अजूनही लोक येतात, ‘ताई, तीन वर्षं झाली, काही हालचाल नाही,’ आणि फाइल उघडली की फॉर्म १८ भरलेलाच नसतो! मार्च २०२४मध्ये नियम बदलले, त्यानंतरच्या अर्जांना तो ३१ महिन्यांच्या आत भरावा लागतो, आधीच्या अर्जांना ४८ महिने होते. मुदत टळली की अर्ज मागे घेतला असं धरतात. अशा माणसाच्या असमाधानाचं खापर तक्रार-कक्षावर फोडण्यात अर्थ नाही. म्हणून ‘फॉर्म १८ कधी भरला?’ हा प्रश्न घालाच. निम्मी धूळ तिथेच बसेल.

उलट, खरी तक्रार कशी असते बघा. समजा, सभासदाचे फॉर्म १८चे चार हजार रुपये खात्यातून गेले, पण अर्जाच्या स्थितीत त्याची नोंद दिसत नाही. त्याने तक्रार केली. उत्तर आलं, ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे,’ आणि तक्रार बंद. कागदावर निवारण झालं, तेही मुदतीत. ऑगस्ट २०२४पासून केंद्र सरकारने सीपीग्राम्स या आपल्या तक्रार-पोर्टलवरच्या तक्रारींना २१ दिवसांची मुदत घातली आहे, ती पाळली गेली. पण चार हजारांची नोंद कुठे आहे? हे पकडायचं असेल तर गुण मागू नका, सरळ हो-नाही विचारा :

‘तुम्ही जे विचारलं होतं, त्याच मुद्द्यावर उत्तर आलं का?’

‘उत्तर आल्यावर अर्जाच्या स्थितीत काही बदललं का? बदललं असेल तर काय?’

‘तीच तक्रार पुन्हा करावी लागली का?’

माझ्या मते अख्ख्या सर्वेक्षणाचा जीव या तीन प्रश्नांत आहे. बाकी सगळं वगळलंत तरी हे ठेवा. तारखाही आठवणीवर लिहून घेऊ नका, पोर्टलवरच्या तक्रारीच्या नोंदीत पाहून उतरवायला सांगा. चिडलेल्या माणसाच्या आठवणीत तीन आठवड्यांचे तीन महिने होतात, आणि काम झालेल्याच्या आठवणीत उलटं.

कुणाला विचारता हेही बघा. सरकार स्वतः अभिप्राय घेतंच. तक्रार बंद झाली की निरोप येतो आणि २०२२पासून त्यासाठी कॉल सेंटरही आहे. पण पेटंटच्या बाबतीत तो फोन कित्येकदा माझ्यासारख्या पेटंट एजंटला, म्हणजे अर्जदाराच्या वतीने काम पाहणाऱ्याला, येतो, कारण तक्रार आम्ही आमच्या मोबाइल नंबरवरून नोंदवलेली असते. कुठल्या अशिलाची कुठली तक्रार हे आठवेपर्यंत पलीकडची मुलगी पुढच्या प्रश्नावर गेलेली असते. ज्याचं पेटंट अडलंय त्याला कुणी विचारतच नाही. तुमच्या फॉर्ममध्ये ‘तक्रार स्वतः केली की एजंटमार्फत?’ हे हवं. आणि ज्यांना तक्रार करायची होती पण केली नाही, त्यांनाही विचारा, का नाही केली? ते या कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत.

शिवाय सीपीग्राम्सचे मासिक अहवाल मंत्रालय आणि विभागवार असतात. पेटंट कार्यालय उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाखाली, म्हणजे डीपीआयआयटीखाली येतं, त्यामुळे त्या विभागाच्या इतर तक्रारींत पेटंटची तक्रार विरघळून जाते. तुमच्या छोट्या सर्वेक्षणाला म्हणून तर किंमत आहे. फक्त टक्केवारीचा मोह टाळा. चौदा जणांनी उत्तर दिलं असेल तर ‘१४ पैकी ९’ असंच लिहा. ‘६४.२९ टक्के’ लिहिलंत की वाचणारा अधिकारी मनातल्या मनात हसेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

राहिली अध्यक्षांची सूचना. सभेत फॉर्म भरून घेणं म्हणजे वाढपी समोर उभा असताना भाजी कशी झाली विचारणं. शेजारी बसलेला काय लिहितो हे बघूनच लोक लिहितात. फॉर्म घरी पाठवा, मराठीत ठेवा, नाव ऐच्छिक ठेवा. निवेदनाची एक प्रत डीपीआयआयटीला आणि एक पेटंट कार्यालयाचे प्रमुख असलेल्या महानियंत्रकांना पाठवा. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, आपल्याकडचे अर्ज तिथेच जातात, म्हणून तिसरी प्रत तिथे.

प्रश्न : मॅडम, पेटंटच्या अर्जाबद्दलची माझी तक्रार काम न होताच बंद झाली. नंतर अभिप्राय मागणारा निरोप आला. वडील म्हणतात, ‘चांगलं’ लिहून मोकळी हो, फाइल अजून त्यांच्याच टेबलावर आहे, वाईट लिहिलंस तर साहेब डूख धरतील. काय करू?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : वडिलांची भीती मला समजते, सरकारी कचेऱ्यांच्या अनुभवातून आलेली असणार. पण इथे भीड बाळगलीस तर तुझंच नुकसान आहे. सीपीग्राम्सवर ‘पुअर’ असा शेरा दिला की अपिलाचा मार्ग खुला होतो. ‘चांगलं’ लिहिलंस तर तुझ्याच हाताने तू प्रकरण मिटवलंस असा अर्थ निघतो. अपील वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. तक्रार बंद झाल्यापासून ३० दिवसांच्या आत ते करायचं असतं, तेव्हा रेंगाळू नकोस.

डूख धरण्याबद्दल : उद्या तुझ्या अर्जाविरुद्ध निर्णय द्यायचा झाला, तरी कायद्याने आधी तुला सुनावणीची संधी द्यावी लागते. आदेशात कारणं लिहावी लागतात आणि त्यावर उच्च न्यायालयात जाता येतं. ‘या मुलीने वाईट शेरा दिला’ हे कारण तिथे लिहिता येत नाही. कुणाच्याच मनात काही येणार नाही अशी हमी मात्र मी देणार नाही.

अपील लिहिताना राग बाजूला ठेव. पहिल्या ओळीत तक्रार क्रमांक, दुसऱ्या ओळीत काय मागितलं होतं, तिसरीत काय उत्तर आलं आणि चौथीत काय राहिलं. पैसे भरल्याची पावती जोड. ‘देशातील तरुण संशोधकांची गळचेपी’ वगैरे वाक्यं लिहायची खुमखुमी येतेच, ती वहीत लिही.

प्रश्न : माझा पेटंटचा अर्ज गेल्या महिन्यात नामंजूर झाला. मी लगेच तक्रार केली आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहे. ते आल्यावर वकिलाकडे जावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आजच जा. नामंजुरीचा आदेश तक्रार-कक्षात बदलत नाही, त्यांना तो अधिकारच नाही. फेरविचारासाठी फॉर्म २४ आहे, पण आदेश कळल्यापासून त्याला एकच महिना असतो आणि मुदतवाढ मागितली तर आणखी एक. तुमचा पहिला महिना बहुतेक संपत आलेला असेल. कलम ११७ए खालच्या अपिलाला तीन महिने असतात. २०२१मध्ये अशी अपिलं ऐकणारं बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून ते उच्च न्यायालयात जातं, मुंबई कार्यालयाचा आदेश असेल तर मुंबई उच्च न्यायालयात. तक्रारीचं उत्तर आलं नाही म्हणून या मुदती थांबत नाहीत. आदेशाची प्रत, परीक्षण अहवाल आणि तुम्ही त्याला दिलेलं उत्तर, एवढे कागद सोबत न्या.