सैन्यातील आई-वडिलांना मुलांशी दुरावलेले नाते जोडण्यासाठी धर्मादाय संस्थांची खरोखर मदत होते का?

होय, आणि मला सर्वाधिक पटलेले उदाहरण अमेरिकेतील ‘युनायटेड थ्रू रीडिंग’ या संस्थेचे आहे. नौदलातील डॉक्टरच्या पत्नी बेटी मोलेनब्रॉक यांनी ती १९८९ मध्ये सुरू केली; व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या पतीला त्यांच्या लहानग्या मुलीने ओळखलेच नव्हते, हा अनुभव त्यामागे होता. तैनातीवर असलेले आई किंवा वडील गोष्टीचे पुस्तक वाचतात, त्याचे चित्रीकरण घरी पोहोचते आणि मूल तो चेहरा, तो आवाज हवा तेव्हा पुन्हा पाहू-ऐकू शकते. वाचणाऱ्यालाही आपण घराचा भाग असल्याची जाणीव राहते, हे मला तितकेच मोलाचे वाटते. मात्र युद्धाच्या मानसिक आघातावर एवढे पुरत नाही. तेथे ब्रिटनमध्ये १९१९ पासून कार्यरत असलेल्या ‘कॉम्बॅट स्ट्रेस’सारख्या संस्थांकडून तज्ज्ञ उपचारच घ्यावेत.