चिक्की खाल्ल्यावर २ वर्षांच्या मुलाच्या अंगावर गांध्या उठल्या, उलटीही झाली. घरीच वाट बघावी का?

नाही, लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. नुसत्या गांध्या वेगळ्या. पण सोबत उलटी, खोकला, छातीत घरघर, बसलेला आवाज किंवा अंग ढिलं पडणं यातलं काही दिसलं की अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र अ‍ॅलर्जी, समजायचं. एवढं लहान मूल घसा आवळतोय म्हणून सांगत नाही. जीभ ओढतं, एकदम गप्प होतं. यावर पहिलं औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन. सिट्रिझिनच्या (अ‍ॅलर्जीच्या) सिरपने खाज थांबते, श्वासनलिकेची सूज नाही, म्हणून ते पाजून वाट बघत बसू नका. तोवर बाळाला आडवं ठेवा, कडेवर उभं धरू नका. मात्र धाप लागली असेल तर बसतं ठेवा. उतार पडला तरी काही तास तिथेच थांबा, त्रास पुन्हा उलटू शकतो.