विमानाच्या मॅग्नेटोला (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागाला) हात लावायच्या आधी हे वाचा
जुहू विमानतळावर उतरून चहा घेतला, वीस मिनिटांनी सेस्ना १७२ एस (छोटं विमान) सुरू केलं, तर चार-पाच सेकंद चालून बंद, असं तुम्ही लिहिलंय. अगदी माझीच गत! एप्रिल, दुपारचे दोन, अ‍ॅप्रन (विमानं उभी करायची जागा) नुसता भाजत होता.

हॉट स्टार्ट, म्हणजे तापलेलं इंजिन पुन्हा सुरू करणं, कसा करायचा ते सांगत बसत नाही, तुम्हाला येत असणारच. मी माती खाल्ली ती वेगळीकडे. इंजिन फ्लड झालंय (इंधन जास्त झालंय) असं ठरवून टाकलं आणि स्टार्टर दाबत राहिले. फ्लड झालं असतं तर काळा धूर दिसला असता, तो नव्हताच. फ्युएल फ्लोचा काटा मात्र थरथरत होता, तिकडे बघितलंच नाही. सिलिंडरवरच्या बारीक नळ्यांत इंधनाची वाफ झाली होती. स्टार्टर दहा सेकंद फिरवा, वीस सेकंद थांबा, तीनदा झालं की दहा मिनिटं गप्प बसा, हे मॅन्युअलमध्ये आहे. पाळलं नाही. बॅटरी बसली.

खरा मनस्ताप पुढे. देखभाल ज्यांच्याकडे होती (नाव घेत नाही) त्यांचा माणूस उगवला संध्याकाळी साडेसहाला. तोवर इंजिन गार, पहिल्या झटक्यात सुरू. ऑफिसात तो म्हणतो, "मॅडम, चालतंय की! स्नॅग (बिघाडाची नोंद) काय लिहू?" लिहिलं ‘तपासले, समाधानकारक’. आठवड्याने पुन्हा तेच, तेव्हा मॅग्नेटो उतरवला. तीन आठवडे विमान उभं, माझे उड्डाणाचे तास अडकले, वर बिल. मॅग्नेटो ठणठणीत होता. इंधनाच्या एका होजवरचं फायरस्लीव्ह (उष्णतेपासून वाचवणारं आवरण) सरकून ती एक्झॉस्टजवळ उघडी पडली होती, बस्स.

म्हणून तिथल्या तिथे काट्याचा व्हिडिओ काढा. बाहेरचं तापमान, बंद केल्यापासूनची मिनिटं लिहून ठेवा, आणि स्नॅग लिहून घेतल्याशिवाय हलू नका.

मी इंजिनिअर नाही, तुमचं मॅन्युअल म्हणेल तेच खरं. पण सुरू होऊन दम टाकायला लागलं तर ऑक्झिलरी पंप (इंधनाचा जादा पंप) लावून बघा. पार्क करताना इंजिन गार व्हावं म्हणून नाक वाऱ्याकडे ठेवा, ऑइलच्या डिपस्टिकचं दार उघडं टाका (निघताना लावायला विसरू नका, मी विसरलेय).

तुमचा मित्र पंपावरचं पेट्रोल सुचवतोय? अजिबात नको. ते एव्हगॅसपेक्षा (विमानाच्या पेट्रोलपेक्षा) लवकर वाफाळतं, त्यात आता २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलवालं पेट्रोल या इंजिनाला मंजूरही नाही.

काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलं की आधी स्लीव्ह बघा, काय निघतं ते कळवा.