‘शेजार क्रमांक ९’ म्हणता येईल का? नेबरहूड युनिटसाठी मराठी शब्द

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धातील लंडनच्या नगररचनेवरील लेखाचा अनुवाद करताना ‘नेबरहूड युनिट’ (शाळेभोवती आखलेला, हद्द ठरवलेला शहराचा भाग) या संज्ञेला ‘शेजार एकक’ हा शब्द योजला, आणि ‘नियोजनकारांनी सहा ते दहा हजार लोकांचे शेजार एकक आखले’ असे वाक्य तयार झाले. ते कानाला खटकते, पण का खटकते हे नेमके सांगता येत नाही. दुसरा शब्द कोणता घ्यावा?

कान बरोबर सांगतो आहे. ‘एकक’चा दोष लहान आहे. मराठीत एकक म्हणजे मोजमापाचे परिमाण. मीटर हे लांबीचे एकक. नगररचनेतले युनिट मोजण्यासाठी नसते, ज्या भागांचे मिळून शहर बनते त्यांपैकी तो एक भाग असतो, आणि अशा भागाला आपण ‘घटक’ म्हणतो.

‘शेजार’ची अडचण खोल आहे. हा शब्द मराठीत एकटा उभा राहत नाही, तो कुणाचा तरी असावा लागतो. ‘आमचा शेजार चांगला आहे’, ‘कुलकर्ण्यांच्या शेजारी राहतात’, ‘किल्ली शेजारी ठेवली आहे’: दर वेळी मोजणी कुणाच्या तरी उंबऱ्यापासून सुरू होते. माझा शेजार आणि माझ्यापासून आठ घरे पलीकडे राहणाऱ्याचा शेजार एक नव्हे. त्यामुळे शेजाराला नकाशावर सीमारेषा नसते आणि त्याची मोजदादही होत नाही. ‘या शहरात वीस शेजार आहेत’ असे कुणी म्हणणार नाही. इंग्रजी शब्दाचे मूळही असेच नात्याचे आहे. ‘नेबर’ म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘जवळ राहणारा’, आणि ‘नेबरहूड’च्या आरंभीच्या अर्थांत आपण ज्याला शेजारधर्म म्हणतो तो भाव होता. पुढे त्या भावाची जागा झाली, आणि जागेला सीमा व क्रमांक देता आले.

हा शेवटचा टप्पा नियोजनकारांनी गाठला. अमेरिकेत नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी नेबरहूड युनिटची कल्पना मांडली: मध्यभागी प्राथमिक शाळा, तिथवर पायी पाव मैलाच्या आत पोहोचता यावे अशी घरांची मांडणी, रहदारीचे मोठे रस्ते वस्तीच्या आतून न नेता कडेने, आणि दुकानेही कडेलाच. लंडनवर सप्टेंबर १९४० पासून बॉम्बहल्ले सुरू झाले, ईस्ट एंड या पूर्वेकडच्या भागातील गल्ल्याच्या गल्ल्या कोसळल्या, आणि युद्ध चालू असतानाच लंडन काउंटी कौन्सिल या तिथल्या स्थानिक प्रशासनाने पुनर्रचनेचा आराखडा करून घेतला. जे. एच. फोरशॉ आणि पॅट्रिक अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी तयार केलेल्या १९४३ च्या त्या आराखड्यात सहा ते दहा हजार लोकवस्तीचे, शाळेभोवती रचलेले घटक आहेत. त्यातला एक नकाशा प्रसिद्ध आहे. त्यात रस्ते आणि इमारती जवळजवळ दिसत नाहीत. लंडनमधल्या जुन्या वस्त्या एकमेकींना खेटून बसलेल्या रंगीत गोळ्यांसारख्या काढल्या आहेत, म्हणून तो ‘अंड्यांचा नकाशा’ या नावानेच ओळखला जातो. शेजाराभोवती रेघ ओढायची झाली तर ती अशी अंड्यासारखीच येणार, हे मला त्या चित्रात फार प्रामाणिक वाटते. पुढे ईस्ट एंडमधल्या पॉप्लर भागात यांपैकी एक घटक प्रत्यक्ष उभा राहिला आणि १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय प्रदर्शनात लोकांना दाखवला गेला. ती लॅन्सबरी वसाहत. कागदोपत्री तिचे नाव होते ‘नेबरहूड ९’. ‘शेजार एकक’ कायम ठेवले तर इथे ‘शेजार क्रमांक ९’ लिहावे लागेल, आणि त्यावर वाचक हसेल.

ईस्ट एंडच्या रहिवाशांचा शब्द मात्र वेगळाच होता. समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग आणि पीटर विल्मॉट यांनी १९५० च्या दशकात जवळच्या बेथनल ग्रीनमध्ये पाहणी केली तेव्हा लोक आपल्या आखूड रस्त्याला ‘टर्निंग’ म्हणत असल्याचे त्यांना आढळले. एका टर्निंगमध्ये शंभर-दोनशे माणसे, आणि त्यांची भेटण्याची ठिकाणे ठरलेली. ही हुबेहूब आपली आळी आहे. आराखड्यातला नेबरहूड तिच्या निदान तीसपट मोठा होता. म्हणजे ज्या जवळिकीसाठी हा शब्द निवडला, ती एवढ्या मोठ्या आकारात मावत नव्हती.

आता उरलेले पर्याय. ‘परिसर’लाही शेजारासारखाच कशाचा तरी आधार लागतो. ‘मोहल्ला’ लंडनमध्ये उपरा वाटतो. ‘वसाहत’ नियोजित असते खरी, पण तिच्यात घरांची एकगठ्ठा बांधणी अधिक आणि शेजारपाजार कमी ऐकू येतो, शिवाय साम्राज्याची वसाहत वाचकाच्या मनात डोकावते. आकाराने सर्वांत जवळची आहे ‘पेठ’: तिला नाव असते, हद्द असते, ती मोजता येते. तिला नगररचनेतला दाखलाही आहे. पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरणात सेक्टरला सरकारी मराठीत पेठच म्हटले आहे, आणि निगडीच्या पत्त्यांत ‘पेठ क्रमांक’ रोज लिहिला जातो. (नवी मुंबईने मात्र ‘नोड’ आणि ‘सेक्टर’ जसेच्या तसे ठेवले.) तरीही लंडनसाठी मी पेठ घेणार नाही, कारण पेठेचा जीव बाजारात असतो आणि पेरींच्या मूळ कल्पनेत शाळा मध्यभागी ठेवून दुकाने काठावर नेली होती.

माझा कौल ‘शेजारवस्ती’ला आहे. ‘वस्ती’मुळे शब्दाला अनेकवचन, हद्द आणि क्रमांक मिळतो, आणि ‘शेजार’मुळे नियोजनकारांची अपेक्षा त्यात राहते. ‘युनिट’ वेगळे दाखवणे आवश्यकच असेल तिथे ‘शेजारवस्ती-घटक’ करावे, पण एरवी नको. टर्निंगसाठी ‘आळी’ घ्यावी, म्हणजे दोहोंतील आकाराचा फरक तळटीप न देता कळेल. आपले वाक्य मग असे होईल: ‘नियोजनकारांनी लंडनची विभागणी सहा ते दहा हजार लोकांच्या शेजारवस्त्यांत केली.’